दुभंगलेला कणा आणि न दिसणारी कळ

श्रोतेहो, पायात काटा मोडला तरी ज्याला कळत नाही, तो माणूस "पाय आगीसारखा जळतोय हो" असे म्हणाला, तर आपण काय म्हणू? "कळतच नाही, तर दुखेल कसे?" असेच ना! या शंकेचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल.

काही बाळांचा कणा आईच्या पोटात, पहिल्या महिन्यातच, नीट मिटत नाही. आतला मज्जारज्जू उघडा राहतो. ॲमस्टरडॅमच्या निकोलस टुल्प या वैद्याने सतराव्या शतकात या व्यंगाला 'स्पायना बिफिडा', म्हणजे दुभंगलेला कणा, असे नाव दिले. चित्रकार रेम्ब्रांटच्या १६३२ सालच्या प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदन शिकवताना दिसतो, तोच हा टुल्प. नाव मिळाले, पण पुढची तीनशे वर्षे धड उपाय मिळाला नाही. जखम चिघळून किंवा डोक्यात पाणी साचून बहुतेक मुले लहानपणीच दगावत.

पुढे १९५५ साली अमेरिकेत जॉन होल्टर यांना असा मुलगा झाला. होल्टर काही डॉक्टर नव्हेत. यंत्रावर हात चालवणारे कारागीर. डोक्यातले पाणी नळीने काढता येई, पण नळी तुंबे. फिलाडेल्फियाचे शल्यवैद्य युजीन स्पिट्झ यांच्याकडून त्यांनी अडचण समजून घेतली आणि सिलिकोनची इवलीशी झडप बनवली. पाणी खाली जाई, रक्त उलटे शिरत नसे. १९५६ पासून ती वापरात आली. त्यांचा स्वतःचा मुलगा फार जगला नाही. लोकांची मुले मात्र वाचली, मोठी झाली.

आणि इथेच नवा प्रश्न उभा राहिला. ही मुले तिशी-चाळिशीला पोचली, तेव्हा कुणाच्या पायात आग, कुणाला विजेचा झटका बसावा तशी कळ. वैद्यांना या व्यंगाची मुले ठाऊक होती. मोठी माणसे त्यांनी फारशी पाहिलीच नव्हती.

रेडिओ बिघडला की स्टेशन लागत नाही, पण खरखर चालूच राहते. मज्जातंतूंचे तसेच आहे. स्पर्शाचा निरोप पोचत नाही, पण दुखावलेले तंतू आपोआप वेदनेचे निरोप धाडत राहतात. साध्या दुखण्याच्या गोळीने ही आग सहसा शमत नाही. म्हणून १९९३ साली अमेरिकेत मिरगीसाठी मंजूर झालेले गॅबापेन्टिन पुढे अशा वेदनेवरही देऊ लागले. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दुसरेही एक कारण असते. वासरू वाढते, दावे तेवढेच राहते. तसा मज्जारज्जू जुन्या व्रणाला चिकटून ताणला जातो. कळ नव्याने सुरू झाली, चाल बिघडली, लघवीची सवय बदलली, तर थांबू नये. वेळीच शस्त्रक्रिया केली तर पुढचे नुकसान पुष्कळदा टळते.

आता आपल्याकडची गोष्ट. मुंबईत गरोदर गिरणी-कामगार बायांच्या पंडुरोगाचा अभ्यास करताना ल्यूसी विल्स यांना यीस्टच्या अर्कात गुण सापडला. १९३१ साली त्यांनी तो जाहीर केला. पुढे ओळख पटली ते हेच फॉलिक ॲसिड. ज्या मातेला आधी असे मूल झाले होते, तिने गर्भधारणेआधीपासून ते घेतले तर चारांपैकी जवळजवळ तीन वेळा हे व्यंग टळते, असे १९९१ साली ब्रिटनमधील वैद्यांनी दाखवून दिले.

पण जे आज मोठे होऊन आपल्यात वावरताहेत, त्यांचे काय? गुरुजी, मंडळी, त्यांची कळ डोळ्यांना दिसत नाही. ते सांगतील तेव्हाच ती आपल्याला कळणार. म्हणून पहिला उपचार आपल्याच हाती आहे: त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.