रणगाड्यावरचा चिखल

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) पॅटन उभा आहे : रंग चोख, साखळीपट्टे स्वच्छ. या नीटनेटकेपणातच इतिहास पुसला जातो असे आम्हांस वाटते. सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबातील असल उत्तरजवळ भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले. उसाआड सेंच्युरियन दबा धरून बसले आणि पाकिस्तानी पॅटन चिखलात रुतले. म्हणून नाशिकला १:३५ प्रमाणातली पॅटनची प्रतिकृती रंगवताना निफाडची ओळखीची काळी माती आम्ही वर्ज्य मानतो. तिकडची माती गाळाची, करडी-तपकिरी. पट्ट्यांवर ती ओली आणि गडद, बुरुजावर नुसती धूळ. हौशी मंडळींना गंजाचा भारी सोस. पण तीन दिवसांच्या लढाईत चिलखताला भोके पडतात, गंज ते खात नाही.