प्राणवायूची मात्रा

आपल्या भाषेने ऑक्सिजनला मोठ्या मनाने ‘प्राणवायू’ म्हटले. जो प्राण देतो तो अपाय कसा करील? प्रश्न भाबडा वाटेल. पण विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतले निष्णात डॉक्टरही ह्याच श्रद्धेने वागत होते, आणि तिची किंमत सुमारे दहा हजार तान्ह्या मुलांनी आपल्या डोळ्यांनी मोजली. दिव्यांच्या सणाला ही हकीकत मी मुद्दाम सांगतो आहे. कारण ती नुसती अंधाराची नाही.

१९४२ साली बॉस्टनचे नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या काही मुलांच्या डोळ्यांत, भिंगामागे, पांढुरका पडदा धरल्याचे नोंदवले. पुढे असे रुग्ण वाढत गेले. नवल असे, की जिथे काचपेटी उत्तम आणि शुश्रूषा चोख, तिथेच हा आजार जास्त! जीवनसत्त्वे, लोह, उजेड, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवले ते प्राणवायूवर.

डोळ्याच्या आतल्या पडद्यातील रक्तवाहिन्या आईच्या पोटात मागून कडेकडे वाढत जातात आणि नवव्या महिन्याच्या सुमारास कडेला पोचतात. लवकर जन्मलेल्या बाळात हे काम अर्धवट असते. त्यात प्राणवायूचा पूर आला की वाहिन्या आक्रसतात, त्यांची वाढ थांबते. मग उपाशी राहिलेला पडदा हाकाटी करतो आणि रानवेलींसारख्या नव्या वाहिन्या फुटतात. त्या पडद्याला ओढून सोडवतात. लंडनचे नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून ह्यातील पहिला भाग दाखवून दिला.

पण हे माणसांच्या मुलांत सिद्ध कसे करायचे? वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ यांनी काही मुलांना कमी आणि काहींना भरपूर प्राणवायू देऊन पाहायचे ठरवले, तेव्हा काही परिचारिका रात्री गुपचूप कमीवाल्यांची चावी वाढवून ठेवीत. ह्या बायकांना मी दोष देत नाही. बाळ गुदमरेल ह्या भयाने उठलेला तो हात आईचाच होता. मात्र त्याच हाताने डोळे जात होते. अखेर १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी मिळून ७८६ बालकांवर चाचणी केली आणि मुबलक प्राणवायूचा दोष उघड झाला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! चाचणीत बाळे घेतली होती ती जन्मानंतर ४८ तासांनी. पहिल्या दोन दिवसांतले मृत्यू तिच्या हिशेबातच नव्हते. तरीही सर्वत्र प्राणवायूला कात्री लागली. १९७३ मध्ये लंडनच्या केनेथ क्रॉस यांनी अंदाज मांडला, की एक अंधत्व टाळताना सुमारे सोळा बालके दगावली असावीत. अति वाईट, तसे अल्पही वाईट. मात्रा मोजल्यावाचून दया पुरी होत नाही.

मग वळण आले शस्त्रक्रियेचे. १९६८ मध्ये जपानच्या माकोतो नागाता यांनी प्रकाशाच्या झोताने पडद्याची कड भाजून आजार थोपवल्याचे प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने कड गोठवण्याचा उपाय खरा ठरवला: बहुतेक बाळांत एका डोळ्यावर उपचार, दुसरा तुलनेसाठी तसाच, वाईट परिणाम जवळजवळ निम्म्याने उतरले. पुढे लेसर आले. हाकाटी करणारी कड बळी द्यायची आणि मधली दृष्टी राखायची, असा हा सौदा. आता काही बाळांना डोळ्यात औषधाचे इंजेक्शनही देतात. पडदा पूर्ण सुटला, तर मात्र कुशल शल्यवैद्यालाही फार थोडे हाती लागते.

म्हणून वेळ हेच औषध. आपल्याकडे थोड्या मोठ्या बाळांनाही हा आजार होतो. त्यामुळे ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमांहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत, फारच इवल्या बाळाचे त्याहूनही आधी, असा दंडक आहे. बाळ घरी आले की आपण बारशाची तिथी काढतो. ज्या घरी असे लवकर आलेले पाहुणे असतील, त्यांनी त्याआधी ही एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. बाळाचे डोळे वरून टपोरे, निरोगीच दिसतील. आतले भांडण फक्त डॉक्टरलाच दिसते.