कॅमेऱ्याचे ओझे

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे प्राचीन देवालय आहे. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६६९ मध्ये या देवस्थानाला एक गाव इनाम दिल्याचा उल्लेख तेथील शिलालेखात आढळतो. दाता मराठा, लेख कानडी, आणि तो पाहायला रविवारी सकाळी जाणारा मी एक मराठी सरकारी नोकर. असे कोरीव लेख टिपून ठेवण्याचा मला नाद आहे. मात्र चाळिशी उलटल्यावर या नादाची पहिली तक्रार खांद्याने केली. कॅमेरा, तीन भिंगे आणि तिकाटणे यांची पिशवी घरातून निघण्यापूर्वीच जड वाटू लागली, आणि पाचांपैकी चार रविवारी ती घरीच राहू लागली. तेव्हा आरसा नसलेला लहान कॅमेरा घ्यावा असे ठरले. त्या निमित्ताने जे वाचले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवतो.

माझ्या ओझ्याची तक्रार ऐकून लिनियस ट्राइप हसला असता. मद्रासच्या सैन्यातील या अधिकाऱ्याने डिसेंबर १८५४ मध्ये डॉ. नील यांच्यासह हळेबीड आणि बेलूर येथील मंदिरांची छायाचित्रे घेतली. दुसऱ्या वर्षी तो ब्रह्मदेशाच्या राजदरबारी निघालेल्या शिष्टमंडळाबरोबर गेला, आणि परतल्यावर त्या चित्रांच्या प्रती त्याने बंगळुरातच तयार केल्या. पुढे मद्रास सरकारचा छायाचित्रकार म्हणून १८५७ च्या अखेरीस तो येथूनच दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला. त्या काळी चित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. जेवढे चित्र हवे तेवढाच मोठा कागद कॅमेऱ्यात घालावा लागे. ट्राइपचे कागद सुमारे दहा इंच रुंद आणि पंधरा इंच लांब असत. त्यावरून पेटीच्या आकाराची कल्पना येईल. शिवाय रसायने, भांडी, तंबू; हे सारे बैलगाड्यांवर चाले. काचेऐवजी मेण लावलेला कागद तो वापरी, कारण तो आधी तयार करून ठेवता येई आणि वाटेत फुटत नसे. वजनाचा हिशेब असा छायाचित्रणाच्या जन्मापासून चालत आला आहे.

तंजावरला बृहदीश्वराच्या पायथ्याशी कोरलेला लांबच लांब लेख ट्राइपने १८५८ मध्ये तुकड्यातुकड्यांनी टिपला, आणि एकवीस चित्रे एकमेकांना जोडून सुमारे १९ फुटांची एक पट्टी सिद्ध केली. ज्या व्यंकोजीराजांचे नाव मल्लेश्वरम् येथील दगडावर आहे, त्यांचे घराणे बंगळुराहून जाऊन ज्या तंजावरात नांदले, तेच हे तंजावर. आणि ट्राइपही बंगळुराहूनच तेथे गेला. पुढे १८५९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरपदी आलेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी हा खर्च अनावश्यक ठरवला व ट्राइपचे काम गुंडाळावे लागले. काटकसरीचे टिपण लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना दोष देण्याचा अधिकार मला नाही. तरीपण ही फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मी ती काही महिने दाबून ठेवली असती.

यानंतरची प्रगती थोडक्यात सांगतो. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि पेटी कोटाच्या खिशात मावली. मग काय दिसते आणि काय उमटते यांत फरक राहू नये म्हणून कॅमेऱ्याच्या पोटात तिरपा आरसा बसवला गेला. १९५९ च्या निकॉन एफ नंतर ही रचना जगभर रूढ झाली. आरशाला वर उचलले जाण्यास जागा लागते. म्हणून भिंगाची बैठक आणि फिल्म यांत निकॉनने ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवले. २००८ मध्ये पॅनासॉनिकने भिंगे बदलता येणारा, परंतु आरसा नसलेला जी-१ हा कॅमेरा आणला, आणि त्याच्या पद्धतीत हे अंतर १९.२५ वर आले. डोळ्यापुढे येते ते आता विजेच्या पडद्यावरचे चित्र. गाभाऱ्याच्या अंधारात ते उजळून दिसते, हा लाभ. बॅटरी लवकर संपते, हा तोटा.

येथे नवख्याची एक फसगत होते. आरसा गेला म्हणजे सगळेच हलके झाले असे तो समजतो. कॅमेरा हलका होतो, पण भिंग प्रकाशाच्या नियमांना बांधलेले असते. दोनशे मिलिमीटर लांबीचे भिंग चौथ्या क्रमांकाच्या छिद्राइतके उघडायचे, तर पुढची काच पन्नास मिलिमीटर व्यासाहून लहान करता येत नाही. मागे आरसा असो वा नसो. संडूरच्या मराठा राजघराण्यातले मु. य. घोरपडे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले, तसेच वन्य प्राण्यांचे छायाचित्रकार म्हणूनही गाजले. त्यांच्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याला लांब भिंगाचे ओझे आजही वाहावेच लागेल. खरा हलकेपणा हवा असेल तर चित्रफलक लहान हवा, नाहीतर भिंगाकडून अपेक्षा कमी हव्यात. मी पहिली वाट धरली. माझ्या कॅमेऱ्याचा फलक जुन्या फिल्मच्या सुमारे चौथाई आहे, आणि अंधारात चित्र थोडे रवाळ येते हे मी पत्करले आहे.

भिंगे दोनच ठेवली. पहिले सतरा मिलिमीटरचे, सव्वाशे ग्रॅमच्या आतले. रस्ता, बाजार, देवळाचा मंडप यांना ते पुरते. दुसरे विकत घ्यावे लागले नाही. वडिलांच्या निकॉनचे पन्नास मिलिमीटरचे भिंग कपाटात पडून होते. एका धातूच्या कड्याच्या आधाराने ते नव्या कॅमेऱ्याला बसते. हे कडे म्हणजे सत्तावीस मिलिमीटरची पोकळ नळी. आरसा गेल्यामुळे जी जागा कमी झाली, नेमकी तेवढीच ती भरून काढते. लहान फलकावर या भिंगाचा दृष्टिकोन शंभर मिलिमीटरच्या भिंगाइतका अरुंद होतो. ते हाताने फिरवून नेम साधावा लागतो, परंतु दगड कोठे पळून जात नाही.

गेल्या महिन्यात ऊन तिरपे असताना या भिंगातून मल्लेश्वरम् येथील लेख टिपला. कडेला पडलेल्या सावल्यांमुळे झिजलेल्या काही ओळींतली अक्षरे वेगळी दिसू लागली. एका कानडी मित्राला ते चित्र दाखवले. तो पहिली ओळ अजून लावतो आहे.