मावशीचं माहेर

मावशीचा ब्लाउज पाठीत बसत नव्हता. आमच्या कॉलनीच्या गणपतीतली पाचव्या दिवसाची रात्र. मंडपामागे ताडपत्री बांधून रंगपट केलेला, आणि त्यात बँकेतले एक धष्टपुष्ट कारकून दोन्ही हात वर करून उभे. हुकं आणि आकडे यांच्यात वीतभर अंतर. दोन बायका तोंडात सेफ्टी पिना धरून त्यांच्या पाठीशी झगडत होत्या. शेवटी मधल्या फटीवर एक पंचा टाचला, वरून पदर लपेटला आणि 'आता पडदा पडेपर्यंत वाकायचं नाही' असं बजावून त्यांना विंगेत ढकललं. ते वाकले, अर्थातच. पहिल्याच प्रवेशात. मंडप हसून हसून आडवा झाला.

'मोरूची मावशी' मराठी माणसाला इतकी घरची वाटते, की तिचं माहेर विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. आचार्य अत्र्यांनी तिला आणलं ब्रँडन टॉमस या इंग्रज नटाच्या 'चार्लीज आंट' या नाटकावरून, एवढं नाटकवाल्यांना माहीत असतं. त्यामागचं गोत्र मात्र पाहण्यासारखं आहे.

तिचा जन्म सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स या गावचा. तारीख २९ फेब्रुवारी १८९२. त्या दिवशी बायकांनी पुरुषांना मागणी घातली तरी चालते, असा इंग्रजांचा जुना संकेत. बाईच्या वेशातल्या पुरुषाला पुरुषांनी मागणी घालण्याच्या नाटकाला याहून बरा मुहूर्त निघाला नसता. प्रयोगाला पाठबळ होतं तिथल्या शिकारी मंडळाचं. म्हणजे मावशीचे पहिले प्रेक्षक कोण, तर घोड्यावरून कोल्ह्यामागे धावणारे जमीनदार आणि त्यांचा गोतावळा. उच्चभ्रूंची टर उडवणारं नाटक उच्चभ्रूंच्याच पैशानं उभं राहिलं. त्यांना ते आवडलंही, कारण टर नेहमी शेजारच्या खुर्चीतल्याची असते.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाटक लंडनच्या रॉयल्टी थिएटरात लागलं. मावशी होते डब्ल्यू. एस. पेन्ली. 'द प्रायव्हेट सेक्रेटरी' या फार्समधल्या भोळसट पाद्र्याच्या भूमिकेनं ते आधीच गाजलेले होते. टॉमस स्वतः कर्जबाजारी कर्नलच्या भूमिकेत. महिन्याभरात रॉयल्टी अपुरं पडलं आणि बिऱ्हाड ग्लोब थिएटरात हललं. तिथे ते १८९६ च्या डिसेंबरपर्यंत चाललं. एकूण प्रयोग १,४६६. त्याआधीचा लंडनचा विक्रम 'अवर बॉइज' या नाटकाचा, १,३६२ प्रयोगांचा. एवढं यश पदरात पडल्यावर मूळ कल्पना कुणाची यावरून टॉमस आणि पेन्ली यांच्यात वाजलं. ते आपल्याकडेही कुठे होत नाही?

आता गोष्ट. ऑक्सफर्डचे दोन विद्यार्थी, जॅक आणि चार्ली. दोघांचंही दोन मुलींवर प्रेम. मुलींना कॉलेजातल्या खोलीवर जेवायला बोलवायचं आहे, पण कुणी वडीलधारी बाई हजर असल्याखेरीज मुली उंबरा ओलांडणार नाहीत. चार्लीची एक मावशी ब्राझीलहून यायची आहे: विधवा, आणि गडगंज श्रीमंत. तिला त्यानं आजवर पाहिलेलंच नाही. ऐन वेळी तिची तार येते, येणं लांबलं. तेवढ्यात त्यांचा मित्र लॉर्ड बॅबर्ली म्हाताऱ्या बाईचा पोशाख घेऊन तिथेच असतो, कारण हौशी नाटकात त्याला तसली भूमिका मिळालेली असते. पुढचं सांगायला नको. काळा सॅटिनचा झगा, केसांचा टोप, खांद्यावर लेसचा रुमाल. आत मात्र पाटलोण तशीच आणि सिगारची तलफही तशीच.

सगळं नाटक ज्या खुंटीवर टांगलं आहे ती खुंटी म्हणजे 'शॅपरोन'. हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ डोकं झाकणारी टोपी, कुंची म्हणा. डोक्यावरच्या पांघरुणाचं नाव पुढे मुलीच्या अब्रूवर पांघरूण घालणाऱ्या बाईला मिळालं. लांडग्याच्या गोष्टीतली लाल टोपीवाली मुलगी फ्रेंचमध्ये 'लाल शॅपरोन' याच नावानं ओळखली जाते. शार्ल पेरोनं १६९७ साली ती कथा छापली. आजीच्या अंथरुणात शिरून आजी झालेला लांडगा त्या गोष्टीत, आणि मावशीच्या झग्यात शिरून मुलींचे मुके घेणारा लॉर्ड या नाटकात. टॉमसच्या डोक्यात लांडगा असेल असं मी म्हणत नाही. पण राखणदारच कोल्हा निघाला, ही गंमत जुनीच आहे.

आपल्याकडे जवळचा शब्द पाठराखीण. तिचं काम मात्र लग्नानंतरचं: नव्या नवरीबरोबर सासरी चार दिवस राहायचं. इंग्रजांची पाठराखीण लग्नाआधीची. लग्न जुळावं म्हणून तरुण-तरुणींना भेटू तर द्यायचं, पण भेटीत काही घडू द्यायचं नाही, असं तिचं दुहेरी काम. तिची लायकी तरी काय पाहत? वय, पोशाख आणि पैसा. त्या खोलीत तिचा चेहरा कुणीही नीट न्याहाळत नाही. बॅबर्लीला बाई कशी बसते हे ठाऊक नाही, चहा कसा ओतायचा हे ठाऊक नाही. एकदा तर तो सरळ पाहुण्याच्या उंच हॅटमध्येच चहा ओततो. ब्राझीलबद्दल त्याला तिथले बदाम सोडून काही माहीत नाही. तरी कुणालाच शंका येत नाही. टोप, झगा आणि ब्राझीलची इस्टेट एवढ्यावर बाई पुरी होते. नाटकाचा खरा चिमटा मला इथे दिसतो. पुरुष बाई म्हणून खपला हे त्यात दुय्यम. त्या समाजानं बाईत पाहण्यासारखं ठेवलं होतं तेच मुळी इतकं थोडं.

इस्टेटीचा वास लागल्याबरोबर दोन म्हातारे मागे लागतात. जॅकचा बाप, तोच कर्नल, कर्जात बुडालेला. त्याला पोरगाच सुचवतो की, बाबा, हिच्याशी लग्न करून टाका. हा बिचारा निदान शरमतो तरी. दुसरा स्पेटिग्यू, मुलींचा पालक, नुसता हावरट. तो मावशीमागे बागेत धापा टाकत पळतो, आणि तिला खूश करायला मुलींच्या लग्नाची संमती कागदावर लिहून देतो.

इथे कायद्याची एक बारीक गंमत आहे. विधवेचा पैसा तिचा स्वतःचा असे, पण तिनं पुन्हा लग्न केलं की तिची रोकड, दागदागिने नव्या नवऱ्याच्या हातात जात. धनवान विधवेला गाठण्याचा धंदा शतकानुशतकं चालला तो या नियमावर. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८८२ चा कायदा आला आणि १ जानेवारी १८८३ पासून बायकोचं धन बायकोचंच राहिलं. म्हणजे स्पेटिग्यू बागेत पळत होता तेव्हा त्याच्या हावेला नऊ वर्षांपूर्वीच कुलूप लागलेलं होतं. कायदा बदलला तरी हाव जुन्याच हिशेबानं चालते. सफोकच्या जमीनदारांना यात काही खटकलं असेल असं वाटत नाही.

ब्रँडन टॉमस काही ऑस्कर वाइल्ड नव्हे. वाइल्डचं 'लेडी विंडरमिअर्स फॅन' लंडनला २० फेब्रुवारी १८९२ रोजी लागलं, मावशीच्या जन्माआधी नऊच दिवस. 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' १४ फेब्रुवारी १८९५ ला आलं, तेव्हा ग्लोबमध्ये मावशीचा गाडा सुरूच होता. 'अर्नेस्ट' आणि मावशी, दोन्ही नाटकांचं यंत्र एकच. लग्नाच्या दारावर एक दरडावणारी म्हातारी बसलेली, आणि आत शिरायला तरुणांनी घडवलेला एक खोटा माणूस. वाइल्डच्या नाटकात तो कायम आजारी असलेला बनबरी आहे, किंवा तिथल्या जॅकचा नसलेला भाऊ. लेडी ब्रॅकनेल वर कुळ विचारते, तर नवरदेव व्हिक्टोरिया स्टेशनावर एका हँडबॅगेत सापडलेला! शब्दांची ती धार टॉमसकडे नाही. वाइल्डचं नाटक समलिंगी संबंधांच्या आरोपावरून झालेल्या त्याच्या अटकेनंतर महिन्याभरानं बंद पडलं, ऐंशीच्या वर थोडे प्रयोग करून. झगा घातलेल्या लॉर्डाचं नाटक पुढे दीड वर्षं चाललं. लंडनला पुरुषानं बाई होणं चालत होतं, अट एकच: प्रेक्षकांना आतली पाटलोण दिसत राहिली पाहिजे.

आणि ती दिसण्याचीच सोय तिकडे आधीपासून होती. इंग्लंडात १६६० नंतर स्त्रीपात्रं स्त्रियाच करू लागल्या, तशी साडी... नव्हे, झगा नेसलेला पुरुष गंभीर नाटकातून हद्दपार झाला आणि विनोदात उरला. नाताळच्या पँटोमाइममधली 'डेम' ती हीच. १८८८ पासून डॅन लीनो लंडनच्या ड्रूरी लेनमध्ये ती रंगवत होता. मावशी त्या डेमची चुलत बहीण.

आपल्याकडे हे नाटक १९१० साली आलं असतं तर? मला वाटतं, आपटलं असतं. रंगमंचावर बालगंधर्व शालू नेसून उभे, समोरच्या बायका त्यांच्याकडे पाहून नेसायला शिकतायत, आणि नायिकाही पुरुष, तिची सखीही पुरुष. त्यात आणखी एक पुरुष मावशी झाला म्हणून हसायचं कशाला? सगळं नाटकच तसं. विनोद व्हायला आजूबाजूला खऱ्या बायका लागतात. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पाठोपाठ ती रीतच पडत गेली, आणि मग कुठे मराठी प्रेक्षकाला साडीतला पुरुष हास्यास्पद दिसू लागला. अत्र्यांची मावशी आली ती या वळणानंतर. बापूराव माने यांनी ती उभी केली, पुढे विजय चव्हाणांनी ती घरोघरी पोचवली.

पण 'मावशी'च का? इंग्रजीत 'आंट' म्हटलं की आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या एकाच पोत्यात. अत्र्यांना चौघींतून एक उचलायची होती. आत्या म्हणजे बापाच्या घरची, हक्क सांगणारी. तिच्यापुढे पोरांना असा धिंगाणा सुचलाच नसता. काकू एकत्र कुटुंबातली, रोज डोळ्यांसमोर. मामीला घरात अधिकार कमी. मावशी मात्र लांबची असूनही जवळची, कडक असूनही लाडावणारी, आणि आई मेली तरी मावशी जगावी अशी म्हणच मराठीनं करून ठेवलेली.

याहून मोठं कारण मला तमाशाच्या बोर्डावर दिसतं. गण झाला की गवळण. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात, आणि गवळणींच्या पुढे त्यांची म्होरकी म्हणून येते ती मावशी. ती पुरुषच करतो. डोक्यावर पदर, आवाज घोगरा, लचकणं अंमळ जास्तच. तरुण पोरींची राखण करणं हे तिचं काम, आणि कृष्णाशी वाद घालता घालता तीच आधी पाघळते. ऑक्सफर्डच्या शॅपरोनची नेमकी तीच नोकरी, तोच फजितीचा शेवट. ब्राझीलची बाई मराठीत आली तेव्हा तिच्यासाठी जागा धुऊन-पुसून तयार होती. अत्र्यांनी हे मनात धरून नाव दिलं की कानाला आपसूक बरोबर वाटलं म्हणून, कोण सांगणार? कान त्यांचा सासवडचा होता, एवढं पुरेसं आहे.

मावशी आणखीही बरीच फिरली. ब्रॉडवेवर ती १९४८ साली 'व्हेअर्स चार्ली?' या नावानं गात-नाचत आली. १९७५ साली सोव्हिएत दूरचित्रवाणीनं तिच्यावर चित्रपट केला, आणि तिकडेही ती घरचीच होऊन बसली. आपल्या 'अशी ही बनवाबनवी'चं कूळ वेगळं, हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चं. पण पुण्यात भाड्याच्या खोलीसाठी साडी नेसणं आणि ऑक्सफर्डला जेवणाच्या आमंत्रणासाठी झगा घालणं, यात अंतर फक्त गरजेचं.

मूळ नाटकात एक पात्र सगळे विसरतात: खरी मावशी. ती दुसऱ्या अंकात येऊन पोचते, आपल्या नावानं कुणी दुसराच मिरवतोय हे पाहते, आणि चकार शब्द न काढता भलतंच नाव सांगून खुर्चीत बसते. खोट्या मावशीनं लाटलेली संमतीची चिठ्ठी शेवटी वैध ठरते ती तिच्यामुळे, कारण पाकिटावर नाव तिचं.

आमच्या कॉलनीत खोट्या मावशीच्या भूमिकेसाठी पाच जण भांडले होते. खऱ्या मावशीसाठी कुणी मिळेना. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना आदल्या दिवशी गळ घातली. चारच तर वाक्यं आहेत, साडी तुमचीच आणा, म्हणाले. प्रयोग संपला, खोट्या मावशीला खांद्यावर घेऊन पोरं नाचली, बक्षीसही त्यांनाच. वहिनी ताडपत्रीआड बसून ट्यूबलाइटच्या उजेडात एक ब्लाउज उलटा करून पाहत होत्या. तो त्यांचाच होता, उसना दिलेला. दोन्ही बगला उसवल्या होत्या, आणि पाठीचा एक आकडा कापडासकट गेला होता.