पहिली घटका कोणाच्या हातीं?

रुग्णालयांचा इतिहास लिहितांना आम्ही सहसा इमारती मोजतों. कोनशिला कोणी बसविली, देणगी कोणी दिली, पहिले नामांकित डॉक्टर कोण, हें सारें दगडावर कोरलेलें असतें, आणि म्हणूनच तें सहज सांपडतें. परंतु रुग्णालयाचा खरा इतिहास एखाद्या रात्रीं, एखाद्या खाटेपाशीं, डॉक्टर येऊन पोंचण्यापूर्वींच्या थोड्या वेळांत घडत असतो. तो कोणी कोरून ठेवीत नाहीं. आमच्या जुन्या कालमापनांत २४ मिनिटांची एक घटका होते. अत्यवस्थ माणूस दारांत आणल्यानंतरची पहिली घटका बहुधा परिचारिकेच्या हातीं असते. त्या घटकेंत तिला काय ओळखावें लागतें, काय करावें लागतें, आणि तें करण्याचा अधिकार समाजानें तिला कितपत दिला, हें नागपूरच्या अनुरोधानें पाहण्याचा या लेखांत विचार आहे.

नागपूरकर वाचकांस धंतोलीची ओळख करून द्यावयास नको. सीताबर्डीला लागून असलेली ही एके काळची शांत बंगल्यांची वस्ती. १९२८ मध्यें येथें रामकृष्ण मठ स्थापन झाला. आज तीच धंतोली रुग्णालयांची पेठ झाली आहे. मोटारींची दाटी एवढी वाढली कीं रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागावी लागली. विदर्भांतून आणि शेजारच्या मध्यप्रदेश-छत्तीसगडांतून येथें रुग्ण येतात. त्यांचे नातलग डॉक्टरांचें नांव विचारीत येतात. दारांत जी प्रथम भेटते तिचें नांव मात्र कोणी विचारीत नाहीं. ती नुसती 'सिस्टर' असते.

या निनांवीपणास जुना इतिहास आहे. १८८५ मध्यें लेडी डफरिन यांच्या नांवानें स्त्रियांच्या वैद्यकीय साह्यासाठीं निधि उभारला गेला आणि ठिकठिकाणीं स्त्रियांचीं इस्पितळें निघालीं. सीताबर्डींत स्कॉटिश मिशनचें मूर मेमोरियल इस्पितळही त्या शतकाच्या अखेरीचें. परंतु इस्पितळें निघालीं तरी त्यांत काम करणार्‍या बाया कोठून आणावयाच्या? रक्त, मळ आणि विटाळ यांशीं ज्याचा संबंध तें काम हलकें, अशी आमच्या पांढरपेशा समाजाची समजूत होती. बाळंतपण हें सुईणीचें काम, आणि सुईण परसदारानें यावयाची. अशा स्थितींत हें शिक्षण घेण्यास पुढें आल्या त्यांत बालविधवांचा भाग मोठा होता. पुण्यांत १९०९ मध्यें स्थापन झालेल्या सेवासदनानें रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालीं अशा स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. संसाराची दारें ज्यांना बंद होतीं, त्यांनाच समाजानें या दारांतून जाऊं दिलें. त्यांत औदार्य थोडें आणि निरुपाय फार होता.

नागपुरांत ही वाट ज्यांनीं रुंद केली त्या कमलाताई होस्पेट. माहेरच्या त्या मोहनी. खानदेशांतील शिरपूर येथें १८९६ मध्यें त्यांचा जन्म झाला आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वैधव्य आलें. नागपूरच्या डफरिन इस्पितळांत त्यांनीं परिचारिकेचें व प्रसूतीचें शिक्षण घेतलें, आणि १९२१ मध्यें वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघाची स्थापना केली. भाड्याचें घर आणि चार खाटा, एवढ्यावर आरंभ झाला. हा संघ पुढें महाल, सीताबर्डी आणि विदर्भांतील अनेक गांवीं पसरला. त्याच्या विस्ताराचें वर्णन पुष्कळ झालें आहे. आम्हांस त्या चार खाटांपाशीं थोडें अधिक थांबावयाचें आहे.

१९२१ सालीं बाळंतिणीस एकाएकीं रक्तस्राव सुरू झाला तर परिचारिकेजवळ काय होतें? रक्तपेढी नव्हती. प्रतिजैविकें नव्हतीं. अरगट व पिट्युटरीचे अर्क होते. परंतु त्यांची शक्ति अनिश्चित. गर्भाशय चोळून घट्ट करणें, मूल लगेच अंगावर पाजावयास लावणें, नाडीवर बोट ठेवून बसणें, आणि रक्त किती गेलें याचा अदमास घेणें, एवढेंच तिच्या हातीं होतें. यांत नाडी विशेष महत्त्वाची. कारण तरुण स्त्रीचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, आणि तो उतरण्याआधीं नाडी जलद होते. जी परिचारिका नाडीची वाढ ओळखी तिला कांहीं मिनिटें अधिक मिळत. जी रक्तदाब पडण्याची वाट पाही तिला तीं मिळत नसत.

बाळंतज्वराची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत दोन विभाग होते. एकांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसर्‍यांत सुईणी शिकत. आणि विद्यार्थ्यांच्या विभागांत बाळंतिणी कितीतरी अधिक मरत. सुईणी अधिक विद्वान होत्या असा याचा अर्थ नव्हे. त्या शवविच्छेदन करून येत नव्हत्या, इतकेंच. झेमेलवाइस यानें १८४७ मध्यें चुनकळीच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुणें सक्तीचें केलें, तेव्हां तो मृत्यूचा आंकडा झपाट्यानें खालीं आला. १९२१ च्या नागपुरांतही उकळलेलें पाणी व धुतलेला हात हींच मुख्य औषधें होतीं, आणि तीं दोनही परिचारिकेच्या ताब्यांत होतीं.

पुढें १९३५ च्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. अरगटांतील रक्तस्राव थांबविणारें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें, आणि बाळंतज्वरावर सल्फा औषधांचा उपयोग सुरू झाला. मागोमाग पेनिसिलिन आलें. आतां परिचारिकेचें काम सोपें झालें असें कोणास वाटेल. आमच्या मतें घडलें तें उलट. प्रत्येक नव्या जालीम औषधाबरोबर तिच्यावरील पाहण्याची जबाबदारी वाढली. गरोदरपणीं झटके येतात त्या विकाराचें उदाहरण घ्या. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हेंच उत्तम, असें १९९५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जागतिक चाचणीनें ठरविलें. परंतु स्नायूंत तें दर ४ तासांनीं टोंचावयाचें असल्यास प्रत्येक मात्रेपूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या लागतात: गुडघ्यावर टिचकी मारल्यास पाय उडतो कीं नाहीं, श्वास मिनिटाला १६ पेक्षां कमी तर नाहीं, आणि गेल्या ४ तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली कीं नाहीं. एक गोष्ट पाहावयाची राहिली तर तारणारें औषधच श्वास थांबवितें. पहाटे तीन वाजतां, बाजूच्या तीन खाटांवरून हांका येत असतां, हें पाहणारे डोळे परिचारिकेचे असतात.

प्रसूतिगृहाबाहेर आल्यावरही प्रश्न तोच राहतो. नागपूरचा उन्हाळा वाचकांस ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दुपारीं बरळणारा, तापानें फणफणलेला मजूर आणला जातो. हा उष्माघात, कीं मेंदूंत शिरलेला मलेरिया, कीं रक्तांतील साखर उतरली? उष्माघात असेल तर तपासण्यांची वाट न पाहतां लगेच अंग थंड करावयास हवें. शरीराची उष्णता ४० अंशांच्या वर जितका वेळ राहील तितकी मेंदूची हानि अधिक. साखरेची परीक्षा मिनिटभरांत होते. ती राहून गेली तर साधा उपाय चुकतो.

१९१७ नव्हे, २०१७ च्या हंगामांतील गोष्ट: यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर कीटकनाशक फवारतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. या जातीच्या अनेक विषांवर अॅट्रोपिन हा उतारा. तो दर ५ मिनिटांनीं मात्रा दुप्पट करीत, छातींतील घरघर थांबेपर्यंत द्यावयाचा असतो. आपल्याकडील लहान कुपींत तें ०·६ मिलिग्रॅम असतें. एका माणसास अशा कित्येक कुप्या लागतात. कमी पडलें तर रोगी आपल्याच कफांत गुदमरतो. अधिक झालें तर त्यास ताप चढतो, तो भ्रमतो, आणि थेट उष्माघात झाल्यासारखा दिसतो. शिवाय विषानें भिजलेले कपडे उतरवून अंग धुवावयाचें, तें हातमोजे घालून. नाहीं तर विष धुणारीच्याही अंगांत जावयाचें. हें काम नुसत्या ममतेनें होत नाहीं. येथें विद्या हवी.

असें असतां आम्ही परिचारिकेची स्तुति करतों ती ममतेची. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातांतील दिवा आम्हांस ठाऊक असतो. तिनें सैनिकांच्या मृत्यूंचीं कोष्टकें व आकृत्या मांडून सरकारास जाब विचारला, हें सांगावें लागतें. देवी म्हणून हात जोडले कीं तज्ज्ञ म्हणून मत विचारावयास नको, अशी ही सोय आहे.

मत विचारलें, अधिकार दिला, तर काय होतें? याचें उत्तर आमच्या सीमेवरील बेळगांव जिल्ह्यानें दिलें आहे. तेथील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली व ती २००६ मध्यें प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्याचें काम डॉक्टरांकडे नव्हे, सहायक परिचारिकांकडे सोंपविलें होतें. ज्यांना निरुपद्रवी खोटी गोळी मिळाली त्यांच्यांत अतिरक्तस्राव शेंकडा १२ जणींस झाला. औषध मिळालेल्यांत शेंकडा ६·४ जणींस. त्याच संशोधनांतून मोजपट्टी छापलेलें प्लास्टिकचें एक साधें कापड वापरांत आलें. तें बाळंतिणीखालीं पसरलें म्हणजे रक्त किती गेलें तें मोजतां येतें. नुसत्या नजरेचा अदमास मोजलेल्यापेक्षां सुमारें तिसर्‍या हिश्श्यानें कमी भरतो, असें त्या वेळीं आढळलें. म्हणजे १९२१ च्या परिचारिकेस जो अदमास डोळ्यांनीं करावा लागे, त्यासाठीं तिच्या नातसुनेस माप मिळालें. आणि मापाबरोबर अधिकार मिळाला तेव्हां माणसें वांचलीं.

कांहीं वाचक म्हणतील कीं परिचारिकेनें डॉक्टर होऊं पाहणें धोक्याचें आहे. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु आमचें म्हणणें तें नव्हे. कोणत्या लक्षणावर तिनें कोणता उपाय विचारल्यावांचून सुरू करावा, हें आधीं ठरवून लिहून ठेवावें, तिला त्याचें शिक्षण द्यावें, आणि मग तिच्या शब्दाला मान द्यावा, इतकेंच आम्ही म्हणतों. आज अनेक ठिकाणीं तिला सारें दिसतें, पण फोन उचलला जाईपर्यंत तिचा हात बांधलेला असतो. आणि घटका निघून गेल्यावर नातलगांचा राग प्रथम तिच्यावरच कोसळतो. अशा हल्ल्यांपासून संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्रानें २०१० मध्यें केला. परंतु कायद्यानें हात अडविला जाईल. विश्वास उत्पन्न होणार नाहीं.

अधिकाराइतकीच संख्याही महत्त्वाची. अतिदक्षता विभागांत एका रोग्यास एक परिचारिका हवी, असें भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाण आहे. एकीच्या वांट्यास चार-पांच खाटा आल्या कीं वर सांगितलेल्या तपासण्यांपैकीं कोणती वगळावी, हें तिला ठरवावें लागतें. आणि ही निवड करण्याचें शिक्षण कोणत्याही विद्यालयांत मिळत नाहीं.

तरीही हाच वर्ग वेळ आली म्हणजे काय करूं शकतो, हें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईनें पाहिलें. कामा रुग्णालयांत हल्लेखोर शिरले असतां परिचारिका अंजली कुलथे यांनीं आपल्या विभागांतील २० गरोदर स्त्रियांना एका लहानशा खोलींत हलवून दारें बंद केलीं. आणि त्यांतल्या एकीस कळा सुरू होतांच, गोळीबार चालू असतां, तिला प्रसूतिकक्षांत नेलें. त्या वेळीं हुकूम देणारें कोणी नव्हतें. निर्णय त्यांचा होता.

स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ मध्यें, परिचर्येच्या शिक्षणासाठीं अखिल भारतीय कायदा झाला. २०२३ मध्यें संसदेनें त्या जागीं नवा कायदा केला. कमलाताईंना १९६१ मध्यें पद्मश्री मिळाली. १९८१ मध्यें त्या निवर्तल्या. कायदे झाले, मान झाले. परंतु एक कसोटी आमच्या वाचकांच्या घरांतच आहे. मुलगी डॉक्टर होतें म्हणाली तर घरांत पेढे वांटले जातात. परिचारिका होतें म्हणाली तर तिची समजूत घालण्यास वडील मंडळी जमतात. शंभर वर्षांपूर्वीं हा व्यवसाय विधवांसाठीं ठीक मानला गेला; आज तो दुसर्‍यांच्या मुलींसाठीं ठीक मानला जातो. शिकून तयार झालेल्या कित्येक मुली आखातांत वा विलायतेंत जातात, तेव्हां आम्ही पगाराकडे बोट दाखवितों. पगार हें कारण आहेच. पण जेथें आपला शब्द ऐकला जातो तेथें माणूस राहतो, हेंही कारण आहे. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं ती पहिली घटका कधीं ना कधीं येणार. त्या वेळीं दारांत जी उभी असेल ती किती शिकलेली, किती थकलेली आणि किती मोकळ्या हाताची असावी, हें आपण आजच ठरवीत आहों.