सोनेरी बिअरचं कूळ

1838 साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन शहरात नगरभवनासमोरच्या चौकात बिअरची 36 पिंपं भर रस्त्यात ओतून दिली, असं तिथे आजही सांगतात. बिअर नासली होती. ती कोणी परक्या कारखान्यातून आणलेली नव्हती. ती शहराचीच होती, आणि ज्यांनी बनवली त्यांच्याच भाऊबंदांनी ती गटारात सोडली. या कृतीनंतर चार वर्षांत त्याच शहरात जी बिअर तयार झाली, तिच्या वंशजांनी पुढे जग व्यापलं. आज न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत आणि मुंबईपासून पणजीपर्यंत जी फिकट सोनेरी, नितळ, थंडगार बिअर सर्रास मिळते, ती बहुतांशी याच कुळातली.

हे कूळ समजून घ्यायचं तर शहराच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. 1295 मध्ये राजा वाक्लाव्ह दुसरा याने प्लझेन वसवलं आणि तिथल्या नागरिकांना बिअर बनवून विकण्याचा हक्क दिला. असा हक्क असलेली साधारण 260 घरं होती. तो माणसाला नव्हे, घराला चिकटलेला असे. पाचशे वर्षं ही घरं आपापल्या पाळीनुसार बिअर बनवत राहिली. पद्धत जुनीच: उबदार हवेत आंबवायचं, यीस्ट फेसाबरोबर वर तरंगायचं आणि बिअर लवकर संपवायची. पाळी हुशार माणसाची असली तर बिअर उत्तम, नाहीतर आंबट. उन्हाळ्यात तर सगळा नशिबाचा भाग.

सीमेपलीकडच्या बव्हेरियात वेगळी रीत होती. तिथलं यीस्ट थंडीत काम करायचं आणि काम संपलं की तळाशी बसायचं. थंड तळघरात बिअर काही आठवडे, कधी महिने मुरायची. ती टिकायची आणि चवीतही भरवशाची असायची. ही बव्हेरियन बिअर प्लझेनमध्ये येऊन खपू लागली, तेव्हा हक्कदार घरांच्या पोटावर पाय आला. 1839 च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की वेगवेगळं बनवणं पुरे, सगळ्यांच्या मालकीचा एकच कारखाना काढायचा आणि त्यात बव्हेरियन पद्धतीची बिअर बनवायची.

या निर्णयाचं महत्त्व मला फार वाटतं. कारण प्लझेनच्या बिअरबद्दल दोन दंतकथा अजूनही फिरतात. एका कथेत कोणी भिक्षू बव्हेरियातून यीस्ट चोरून आणतो. दुसरीत सोनेरी रंग चुकून लागतो. दोन्ही ऐकायला छान आहेत, पण त्या या माणसांच्या शहाणपणावर अन्याय करतात. नागरिकांनी आपला जुना मक्ता अपुरा ठरल्याचं मान्य केलं, पैसे एकत्र केले, शेजाऱ्याची चांगली पद्धत उघडपणे स्वीकारली आणि त्यासाठी नव्या वास्तूपासून नव्या माणसापर्यंत सगळं उभं केलं.

वास्तुकार मार्टिन श्टेल्झर याने राडबुझा नदीकाठची जागा निवडली. तिथला वालुकाश्म खोदायला सोपा, म्हणून खाली लांबलचक थंड तळघरं काढता आली. बिअर बनवण्यासाठी बव्हेरियातल्या फिल्सहोफेन गावचा योसेफ ग्रोल हा तरुण उस्ताद नेमला गेला. तो तेव्हा तिशीच्याही आत होता. 5 ऑक्टोबर 1842 रोजी त्याने पहिला घाणा काढला आणि 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या जत्रेच्या दिवशी, ती बिअर लोकांसमोर आली.

लोकांना गडद, गढूळ बिअरची सवय होती. आता समोर आली ती सोनेरी, आरपार दिसणारी, वर पांढराशुभ्र दाट फेस असलेली. ग्रोलची पद्धत बव्हेरियन, मग रंग बव्हेरियासारखा तपकिरी का नाही? याचं उत्तर माल्टमध्ये आहे.

नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. बार्लीचा माल्ट त्याच वाटेने जातो. मोड आले की दाण्यात साखर करणारी द्रव्यं जागी होतात, आणि मग त्याला वाळवून थांबवावं लागतं. जुन्या भट्ट्यांत लाकडाचा धूर आणि आच थेट दाण्यावर यायची, म्हणून माल्ट काळपट व्हायचा. इंग्लंडमध्ये मात्र सतराव्या शतकापासून धूर न करणाऱ्या कोकवर माल्ट वाळवत. अशा फिकट माल्टपासून बर्टन गावात बनलेली पेल एल एकोणिसाव्या शतकात जहाजाने मुंबई-कलकत्त्याला येत असे. 1833 मध्ये म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेयर हे दोघे तरुण ब्रिटनमध्ये फिरून ही विद्या पाहून आले. 1841 मध्ये दोघांनीही आपापल्या शहरात नवी, लालसर लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर, काढली. प्लझेनकरांनी इंग्लिश धर्तीची भट्टी बांधून त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं आणि माल्ट जवळजवळ रंगहीन ठेवला.

भट्टी इंग्लंडची, यीस्ट आणि उस्ताद बव्हेरियाचे. पण पाणी, धान्य आणि फूल या मातीतलं. प्लझेनचं पाणी अतिशय मृदू, क्षार नावालाच. बर्टनचं पाणी जड, त्यात हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा टोकदार होतो. प्लझेनच्या पाण्यात तोच कडवटपणा गोलसर राहतो, म्हणून हॉप्स सढळ हाताने घालता येतात. हे हॉप्स उत्तर बोहेमियातल्या झातेत्सचे. उंच तारांवर चढणाऱ्या वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. यात कडू अंश बेताचा, पण सुगंध नाजूक, किंचित गवताचा आणि मसाल्याचा. झातेत्स आणि त्याभोवतीची हॉप्सची शेतं, सुकवण्याची जुनी गोदामं यांना 2023 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

यात आणखी एक कष्टाचं काम आहे. माल्ट आणि पाण्याच्या मिश्रणातला काही भाग वेगळा काढायचा, तांब्याच्या भांड्यात उकळायचा, परत मूळ मिश्रणात ओतायचा. असं तीनदा. त्यामुळे तापमान पायऱ्यापायऱ्यांनी चढतं, आणि फिकट माल्टमधूनही हलकी भाजकी गोडी उतरते. सोप्या रीती आल्यावर जगाने ही खटपट सोडली, प्लझेनने सोडली नाही.

ग्रोलचा करार 1845 मध्ये संपला आणि तो आपल्या गावी परतला. बिअर मात्र प्रवासाला निघाली. प्रागमध्ये याकुब पिंकास नावाच्या शिंप्याला ती चाखायला मिळाली. ती इतकी आवडली की त्याने शिवणकाम सोडून 1843 मध्ये ती विकणारं दुकानच थाटलं. ‘उ पिंकासू’ हे त्याच्या नावाचं ठिकाण आजही चालू आहे. 1861-62 मध्ये प्लझेन रेल्वेने बव्हेरियाशी आणि प्रागशी जोडलं गेलं, आणि पिंपं वेगाने दूर जाऊ लागली. त्याच काळात काचेचे पेले सामान्य माणसाच्या आवाक्यात येत होते. माती किंवा कथलाच्या मगात रंगाला किंमत नव्हती, काचेत आली.

मग नक्कल सुरू झाली. कार्ल फोन लिंडेच्या शीतयंत्रांमुळे 1870 च्या दशकापासून तळघराशिवायही थंडी निर्माण करता आली. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन याने यीस्टचा शुद्ध वाण वेगळा केला. आता ही बिअर कुठेही बनवणं शक्य होतं. प्लझेनकरांनी म्युनिकच्या एका उत्पादकाला न्यायालयात खेचलं. 1899 मध्ये निकाल विरुद्ध गेला: ‘पिल्स्नर’ हे आता गावाचं नव्हे, प्रकाराचं नाव आहे. त्याच्या आदल्याच वर्षी कारखान्याने मूळ झऱ्याचा दावा सांगणारं नाव नोंदवलं होतं, जर्मनमध्ये पिल्स्नर उर्क्वेल, चेकमध्ये प्लझेन्स्की प्राझ्द्रोय.

पण या बिअरचं कूळ कारखान्याच्या कमानीपाशी संपत नाही. मित्रांबरोबर चेक प्रजासत्ताकात फिरताना मला हे खऱ्या अर्थाने कळलं ते ‘होस्पोदा’त, म्हणजे तिथल्या मोहल्ल्यातल्या पबमध्ये. तिथे एक म्हण आहे की बिअर उकळतो उस्ताद, पण घडवतो पबवाला. नळावरचा माणूस, ‘विचेपनी’, हा सन्मानाचा कारागीर आहे. पेला आधी गार पाण्याने धुतला जातो. आधी ओला, दाट फेस सोडतात आणि मग नळाचं तोंड त्यात बुडवून फेसाच्या खालून बिअर भरतात, म्हणजे फेस झाकणासारखा राहून बिअरला हवा लागू देत नाही. एकाच नळातून तीन रूपं निघतात. ‘ह्लादिंका’ म्हणजे पूर्ण बिअर आणि तीन बोटं फेस. ‘श्निट’मध्ये बिअर कमी, फेस जास्त. ‘म्लीको’ म्हणजे जवळजवळ नुसता गोडसर फेस, तो खाली बसायच्या आत एका दमात प्यायचा. आम्ही तिन्ही मागवून पेले टेबलाभोवती फिरवले. एकाच बिअरच्या इतक्या वेगळ्या चवी लागतात, हे पटायला सोबतीला चारचौघं हवीतच.

जुन्या वळणाच्या होस्पोदात टेबलावर कागदाची एक चिठ्ठी असते. प्रत्येक पेल्यामागे वेटर तिच्यावर एक रेघ ओढतो. पेला रिकामा दिसला की दुसरा येतो. नको असेल तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. यादीत बिअरपुढे दहा किंवा बारा अंश लिहिलेले असतात. हे अल्कोहोलचं प्रमाण नाही. आंबवण्यापूर्वीच्या रसात किती अर्क विरघळला आहे, त्याचं हे माप. प्रागचे रसायनतज्ज्ञ कार्ल बालिंग यांनी 1843 मध्ये ते रूढ केलं. बारा अंशांच्या प्राझ्द्रोयमध्ये अल्कोहोल 4.4 टक्केच असतं.

आणि जेवण? तेही या कडवटपणाच्या जोडीनेच समजतं. व्हिनेगर आणि कांद्यात मुरवलेलं सॉसेज ‘उतोपेनेत्स’, तेल-लसूण-पाप्रिकात मुरलेलं ‘हेर्मेलीन’ चीज. मग भाजलेलं डुकराचं मांस, आंबट कोबी आणि ‘क्नेडलीक’: शिळ्या पावाचे तुकडे घातलेल्या पिठाचा लांब गोळा शिजवून त्याच्या चकत्या दोऱ्याने कापतात. स्वीच्कोवा आणि गुलाश बहुधा गोमांसाचे असतात, म्हणून ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी विचारून घ्यावं. शाकाहारी मित्रांसाठी तळलेलं चीज ‘स्माझेनी सीर’ आणि मार्जोरम-लसूण घातलेलं बटाट्याचं ‘ब्राम्बोराक’ ही मोठी सोय. चरबी, आंबट आणि मीठ हे तिन्ही जिभेवर दाटतात, आणि हॉप्सचा एक कडू घोट जीभ स्वच्छ करून पुढच्या घासाला तयार करतो. हे पदार्थ नुसते खाल्ले तर जड वाटतात, बिअरशेजारी ठेवले की त्यांचा हिशेब जुळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. पुढे खासगी झाला आणि 2017 पासून तो जपानच्या असाही कंपनीकडे आहे. 1990 च्या दशकात लाकडी पिंपांच्या जागी पोलादी टाक्या आल्या. तरी तळघरात थोडी बिअर आजही ओकच्या पिंपांत मुरते, पिंपांना आतून राळ लावणारे कारागीर कामावर आहेत, आणि पाहुण्यांना ती न गाळलेली बिअर तिथेच पेल्यात मिळते. प्लझेनला गेलात तर आधी ती चाखा, मग शहरातल्या होस्पोदात बसून नेहमीची मागवा. इंग्लंडची भट्टी, बव्हेरियाचं यीस्ट, झातेत्सचं फूल आणि 260 घरांनी मिळून पेललेली जोखीम, इतकं सगळं एकत्र आलं तेव्हा ही बिअर झाली. असं काही एकट्याने घडत नाही, आणि त्याची खरी चवही एकट्याने घेण्यासारखी नाही.