कर्ण्यापासून लाइन ॲरेपर्यंत : ग्रामीण मराठवाड्यातील सार्वजनिक ध्वनिव्यवस्थेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक :
सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामी राजवटीखाली होता. अशा भागातील हरिनाम सप्ताह, जत्रा व प्रचारसभा यांचा इतिहास लिहिताना कीर्तनकार आणि वक्ते यांची दखल घेतली जाते. परंतु शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत शब्द पोहोचला कसा, हा प्रश्न आपले अभ्यासक क्वचितच विचारतात. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

ध्वनिवर्धकापूर्वी हे काम माणसेच करीत. कीर्तनात टाळकरी ध्रुवपद उचलून धरतात, गोंधळात आणि शाहिरीत झीलकरी झील ओढतात. याला आपण केवळ भक्तिभाव किंवा रंगत मानतो. वस्तुतः एका कंठाचा शब्द अनेक कंठांनी दूरवर नेण्याची ती योजनाही होती, असे म्हणण्यास हरकत नसावी.

कर्ण्याचे आगमन :
1915 साली अमेरिकेत प्रिडहॅम आणि जेन्सन यांनी विजेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. भारतात मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठांवर ही यंत्रणा पुरविली. 1942 च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात याच कुटुंबातील नानक मोटवाने यांना अटक झाली होती. मराठवाड्यात मात्र प्रश्न यंत्राच्या आधीचा होता. 1929 च्या ‘गश्ती निशाण 53’ अन्वये सभेलाच पूर्वपरवानगी लागे. जेथे सभा भरविणे हीच जोखीम, तेथे आवाज वाढविण्याचा विचार दूरचा. पुढे वीज पोहोचली नव्हती तेथेही कर्णा बॅटरीवर वाजे, आणि ‘भोंगा’ हा शब्द बोलीत कायमचा रुजला.

लाइन ॲरेची रचना :
कर्ण्याचा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण 6 डेसिबलने घटतो. एकावर एक उभ्या ओळीत मांडलेले ध्वनिस्रोत मात्र ठरावीक अंतरापर्यंत केवळ 3 डेसिबल गमावतात. हॅरी ओल्सन यांच्या 1957 च्या ग्रंथात अशा ओळींचे विवेचन आहे, तर 1992 मध्ये ख्रिश्चन हाइल व मार्सेल अर्बन यांनी मोठ्या मैफलींसाठी त्याचे नियम मांडले. शेजारच्या दोन स्रोतांतील अंतर ध्वनिलहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी हवे. 1000 हर्ट्झला ते सुमारे 17 सेंटिमीटर भरते.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. 3 मीटर उंचीच्या ओळीचा हा लाभ 4000 हर्ट्झला सुमारे 53 मीटरपर्यंत टिकतो, 1000 हर्ट्झला जेमतेम 13 मीटर, तर 100 हर्ट्झला मीटर-सव्वा मीटरच. म्हणजे व्यंजनांची स्पष्टता श्रोत्यांकडे नेमकी वळविता येते. ढोलाचा घुमारा मात्र चहूकडे पसरतो. गावाबाहेर अभंगाचे शब्द ऐकू येत नाहीत पण ठेका ऐकू येतो, त्याचे एक कारण हे आहे.

जोडणीचे काम पाहता त्यात गवंड्याची शिस्त दिसते. प्रथम वरची लोखंडी चौकट, तिला पहिली पेटी, मग पिना घालून क्रमाने पुढच्या पेट्या. दर दोन पेट्यांमधील कोन आधी गणिताने ठरलेला असतो. लांबच्या श्रोत्यांकडे पाहणाऱ्या वरच्या पेट्यांत तो जवळजवळ शून्य, खालच्या पेट्यांत वाढत जाणारा. चेनपुलीने थोडे उचलायचे, थांबून प्रत्येक पिन पाहायची, पुन्हा उचलायचे; शेवटी स्वतंत्र पोलादी दोर सुरक्षेसाठी बांधायचा. प्रत्येकी 50 किलोच्या 8 पेट्या म्हटल्या तरी 400 किलो वजन एका ठिकाणी लटकते. बल्ल्या आणि दोर यांवर उभा राहणारा आपला पारंपरिक मांडव कापड पेलण्यासाठी आहे, असा भार पेलण्यासाठी नव्हे. त्यात या भागातील काळी जमीन! पाऊस पडला की मनोऱ्याचे पाय खचतात. म्हणून पायाखाली रुंद फळ्या किंवा पत्रे घालणे ही चैन नसून गरज आहे. हे सारे ज्ञान मांडवाच्या व्यवसायातील पोरे वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकतात. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, आणि पीन चुकली तर खाली उभा असणाराही बहुधा तेच पोर असते.

मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेल्या पेट्यांच्या भिंतीला काही जण लाइन ॲरेच समजतात. तो गैरसमज होय. त्या भिंतीत कोन नाही, श्रोत्यांचा विचार नाही. केवळ दाब आहे.

कायदा आणि शेवटची रांग :
14 फेब्रुवारी 2000 रोजी ध्वनिप्रदूषण नियम अमलात आले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी आली. 2002 च्या दुरुस्तीने वर्षातील 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांचा कठोर पुरस्कार केला. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल असून, सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्याहून फार तर 10 ने अधिक, म्हणजे 65 डेसिबलपर्यंत आवाज चालतो. दहा मीटरवर 96 डेसिबल असलेला आवाज सर्वांत अनुकूल गणितानेही 80 मीटरवर 87 राहतो. शहरातील मोठ्या मैदानावर सीमा आणि शेवटची रांग यांत अंतर असते. गावातील देवळासमोरच्या पटांगणात शेवटची रांग घरांच्या ओट्यावरच बसलेली असते, आणि त्याच घरात कुणी आजारी, कुणी परीक्षेचा विद्यार्थीही असतो.